नजर चुकवून

घाडींच्या घरातून बाहेरगावी निघायचं म्हणजे एक लहानशी घरफोडीच असे. फरक इतकाच, की इथला चोर घरचाच, आणि तो दुसरं काही न नेता स्वतःलाच घेऊन पसार व्हायचा. बॅग आदल्या दिवशीच समोरच्या प्रभूंच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायची. बूट आधीच दाराबाहेर काढून ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी नाडी बांधताना कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. एकाने लिफ्ट अडवून धरायची, एकाने टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि सगळ्यांत हुशार माणसाने घरातल्या लहान मुलाला घेऊन बाल्कनी गाठायची. हे शेवटचं काम गेली चाळीस वर्षं सुगंधाकडे होतं. मुलाला गुंगवण्यात तिचा हात धरील असं माणूस दहिसरच्या जुन्या चाळीत नव्हतं, आणि चाळ पाडून त्याच जागी उभ्या राहिलेल्या या बावीस मजली टॉवरमध्ये तर नव्हतंच नव्हतं.

तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा? नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने कांदिवलीच्या एका औषधांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं शिफ्टा केल्या, दोन मुलं वाढवली, आणि आई कामाला निघाली म्हणून पोर रडलं, असं एकदाही घडू दिलं नाही. इतर बायका मुलांचे दहावीचे मार्क सांगायच्या, सुगंधा सांगायची, "माझी पोरं रडली नाहीत."

आज रविवार, आणि दुपारी दोनला सुबोध निघणार होता. तो मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन. विमानाने सिंगापूर, तिथून बोट, आणि पुढे सहा महिने पाणीच पाणी. त्याला निरोप द्यायला मुलुंडहून थोरली बहीण प्रेमा आली होती आणि मानखुर्दहून सुगंधाचे भाऊ, नंदूमामा. घरातल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सुबोधच्या सव्वादोन वर्षांच्या लेकीला, प्रांजलला. आठ दिवस घरात 'बोट' हा शब्द बंद होता. बोटीला ऑफिस म्हणायचं ठरलं होतं. नंदूमामांनी सकाळी दारातच मोठ्याने विचारलं होतं, "काय रे सुबोध, ऑफिसात दर्या खवळलेलो नाय मां?"

"आई, मी तिला सांगणार आहे," श्रुतिका म्हणाली.

सुगंधाने वडे तळायला नुकतं तेल तापवलं होतं. ती सुनेकडे न बघता म्हणाली, "काय सांगणार?"

"बाबा बोटीवर चाललाय, ते."

"हळू बोल!" प्रेमा मागून आत शिरली. "बाहेर बसलीय ती. अगं, रडून रडून घर डोक्यावर घेईल, आणि हा फ्लाइट सोडून परत येईल. आपल्याकडे असंच करतात, श्रुती. मुलाच्या भल्यासाठी."

"मागच्या वेळीही भल्यासाठीच केलं होतं ना, ताई?"

मागची वेळ कोणीच विसरलेलं नव्हतं. तेव्हा प्रांजल तेरा महिन्यांची होती. सुगंधाने तिला बाल्कनीत कबुतरं दाखवली आणि सुबोध निघून गेला. पोर रडलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिने बापाला शोधायला सुरुवात केली. पडद्यामागे, वॉशिंग मशीनमागे, पलंगाखाली. एकदा तर तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून तिने आत वाकून पाहिलं. आठ दिवस शोधलं. नवव्या दिवशी थांबली, तेव्हा सगळे म्हणाले, शहाणी गं बाय माझी. एकटी श्रुतिका म्हणाली होती, "शहाणी नाही झाली. तिने नाद सोडला." श्रुतिका बोरिवलीच्या एका बालवाडीत शिकवायची, तिला मुलांतलं कळतं, असं सगळे तोंडाने म्हणत आणि मनातून तिला थोडी हसत.

सहाचे नऊ महिने करून सुबोध परत आला, तेव्हा प्रांजलने आजीच्या मागे लपून त्याला 'काका' म्हटलं. बाप म्हणून त्याला पुन्हा जवळ करायला तिला दोन महिने लागले. अजूनही आई न्हाणीघरात गेली की ती दाराला पाठ लावून बाहेर बसून राहायची. सुगंधाने हे सगळं पाहिलं होतं आणि कोणापाशी त्यातला शब्द काढला नव्हता.

"पाणी दे गं," म्हणत सुबोध आत आला. काय चाललंय ते त्याला तीन चेहऱ्यांवरून कळलंच. "श्रुती, प्लीज यार. ठरलंय ना आपलं? ती रडली तर मी जाऊच शकणार नाही. मला नाही जमणार ते."

"तुला जमणार नाही, म्हणून तिला फसवायचं?"

तो पाणी प्यायला. ग्लास विसळला, पालथा घातला आणि बाहेर गेला. वाद आला की हा असा निघूनच जायचा, अगदी लहानपणापासून. स्वतःच्या साखरपुड्यातसुद्धा सासुरवाडीहून निघताना याने कोणाला 'येतो' म्हटलं नव्हतं, आणि मुलीकडची माणसं अर्धा तास नवरदेव शोधत होती. गेल्या बोटीवर त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, कुठल्याशा परक्या बंदरात. आईला ते कळलं तीन महिन्यांनी, तेही श्रुतिकाच्या तोंडून. तेव्हा सुगंधा शेजारणींना सांगत सुटली होती, "कसा धीराचा आहे बघा माझा मुलगा, आईला घोर नको म्हणून बोलला नाही!" पण त्या रात्री तिला झोप आली नव्हती. ज्याला दुखतं तेव्हा आई आठवत नाही, तो आपला किती आणि परका किती, हा हिशेब तिला लागेना.

बाहेर नंदूमामांनी त्यांची नेहमीची गोष्ट काढली होती. ती प्रत्येक निरोपाच्या जेवणाला निघायचीच.

"आये-बापूस मुंबैक गेले तेव्हा ही सुगंधा तीन वर्सांची, मी सात वर्सांचो. आजयेन माका सांगल्यान, 'नंदू, हिका गोठ्यामागे ने, कोंबयेची पिल्लां दाखय.' मी दाखवलंय. परत येवन बघतंव तर खळ्यात कोण नाय! पण हिना? एक टिपूस काढल्यान नाय! असा काळीज होया!"

प्रांजलला यातलं काही कळलं नाही, पण पिल्लां म्हटल्यावर ती हसली. सुगंधाही नेहमीप्रमाणे हसली. ती रडली नव्हती हे खरंच होतं. का रडली नव्हती, हे मात्र तिला चौसष्ट वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण पिल्लं बघायला गेलो म्हणून आई निघून गेली. चूक आपलीच, मग रडायचं कोणत्या तोंडाने? त्यानंतर दोन वर्षं कोणी काही दाखवायला बोलावलं, तरी ती घरापुढच्या खळ्यातून हलत नसे.

जेवणाआधी गाऱ्हाणं झालं. देवासमोर नारळ ठेवला, सगळे हात जोडून उभे राहिले. नंदूमामांचा आवाज सत्तरी ओलांडली तरी खणखणीत होता, आणि 'होय म्हाराजा' म्हणायला मिळतं म्हणून प्रांजलला गाऱ्हाणं फार आवडायचं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घाडींच्या घरात नारळ ठेवन तुका गाऱ्हाणां घालतंव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यो सुगंधाचो झील सुबोध, पोटापाण्यासाठी बो..." प्रेमाने कोपर मारलं. "...ऑफिसाक चललो हा रे म्हाराजा! सात दर्यांपलीकडच्या ऑफिसाक!"

"होय म्हाराजा!"

"तेका सुखरूप ने, सुखरूप घराक हाड, आणि जी माणसां पाठी रवतत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज प्रांजलचा होता. डोळे घट्ट मिटून, हात जोडून, तिने आपल्या बापाच्या जाण्याला आपला होकार दिला.

सुगंधा मनात मोजायला लागली. देवाला सांगितलं, प्रभूंना सांगितलं, खालच्या वॉचमनला सांगितलं, गाडीवाल्याला वेळ सांगितली. आणि जिचा बाप, तिच्याकडून नुसतं 'होय म्हाराजा' म्हणवून घेतलं. हे बरोबर नाही, असं तिला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाटलं, आणि वाटलं म्हणून ती स्वतःवरच चिडली. तिने वड्यांची परात जरा जोरात खाली ठेवली.

जेवताना प्रेमाने पुन्हा विषय काढला. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार पुढ्यात असताना भांडण तापणार नाही, असा तिचा अंदाज असावा.

"आम्हाला काय झालं, सांग ना श्रुती? आईने आम्हाला असंच वाढवलं. झालो ना मोठे? झकास आहोत ना?"

"ताई, काल तुम्ही आईंना किती फोन केलेत?"

"चार असतील."

"आणि आईंनी एक उचलला नाही तेव्हा?"

"तेव्हा मी प्रभू वहिनींना केला," प्रेमा म्हणाली आणि हसली. सगळेच हसले. मग प्रेमाचं हसू हळूहळू कमी झालं. तिने वड्याचा तुकडा सांबारात बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. "आई, एक गंमत सांगू? तुझी पहाटेची शिफ्ट असायची ना, तेव्हा मी झोपताना माझ्या फ्रॉकचा बंद तुझ्या पदराला बांधून ठेवायचे. तू उठलीस की मला जाग यावी म्हणून."

"ठाऊक आहे," सुगंधा म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"पहाटे मीच सोडायचे की गाठ. अंधारात, एका हाताने. तुला कळायचंसुद्धा नाही." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण अजूनही अभिमानाने सांगतो आहोत.

प्रेमाने आईकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांची ती बाई एकदम सहा वर्षांची दिसायला लागली. "मला वाटायचं, मलाच गाठ नीट मारता येत नाही. मी रोज आणखी घट्ट मारायचे."

सुबोध आपलं ताट घेऊन उठला आणि मोरीकडे गेला. श्रुतिकाने प्रेमाच्या पाठीवरून हात फिरवला. सकाळपासून एकमेकींविरुद्ध असलेल्या या दोघी आता एका बाजूला बसलेल्या दिसत होत्या.

"होता ता सगळ्यांचाच," नंदूमामा पुटपुटले. "कामाक जावचा लागता. पोरां धरून बसलो तर खातलो काय?"

"जाऊ नये असं कुठे म्हणतेय, मामा? सांगून जावं, एवढंच," श्रुतिका म्हणाली. मग तिने सासूकडे पाहिलं. "मी आता वाद नाही घालणार. सुबोधला नको असेल तर माझा नाइलाज आहे. पण या नाटकात मी नाही. तिला बाल्कनीत नेणार नाही मी."

म्हणजे सगळं सुगंधावर आलं. तसं ते नेहमीच असायचं.

पावणेदोनला प्रेमा लिफ्टपाशी गेली. नंदूमामांनी टीव्हीचा आवाज वाढवला. प्रभू वहिनींनी दार किलकिलं केलं. सुबोधने लांबूनच एकदा लेकीकडे पाहिलं आणि आईला मान हलवून खूण केली.

सुगंधाने प्रांजलला कडेवर घेतलं. "चल, नदीवर बगळा आलाय का बघू."

बाल्कनीत ऊन होतं. अकराव्या मजल्यावरून दहिसरची नदी, म्हणजे दोन भिंतींमधलं काळं पाणी, नीट दिसायची. बगळा खरंच होता. सुगंधाने बोट दाखवलं, पण प्रांजलने बगळ्याकडे पाहिलं नाही. तिने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. गेल्या खेपेला ती तेरा महिन्यांची होती. आता तिला अनुभव होता.

"आज्जी, बाबा कुठेय?"

'आहे ना आत.' हे तीन शब्द सुगंधाने आयुष्यात इतक्या वेळा म्हटले होते, की ते आपोआप निघायला हवे होते. सुबोधला म्हटले होते, प्रेमाला म्हटले होते, शेजारच्या पाचपन्नास पोरांना म्हटले होते. आज ते जिभेवर येऊन बसले आणि हलेनात. आतून दाराची कडी हळूच सरकल्याचा आवाज आला. पोर अजून तिच्याकडेच बघत होती. आजी सांगेल ते खरं मानायची तिची तयारी होती, आणि तेच सुगंधाला सहन होईना.

ती वळली आणि हॉल ओलांडून तरातरा दाराशी गेली.

"सुबोध, थांब!"

बाहेरच्या पॅसेजमध्ये सुबोधचा एक पाय बुटात होता, एक नव्हता. प्रेमा लिफ्टच्या दारात पाय घालून उभी होती.

"आई, काय करतेस! बघेल ना ती!"

"बघू दे." सुगंधाने प्रांजलला त्याच्यासमोर उभं केलं. "सांग तिला."

"मला नाही येत गं सांगायला." अडतीस वर्षांचा, आडवातिडवा, समुद्रात वादळं बघितलेला माणूस, पण आवाज पार गेला होता त्याचा.

"कसं येईल? मी शिकवलंच नाही तुला. मला शिकवलं नव्हतं कोणी, मी तुला शिकवलं नाही. आता खाली बस आणि सांग. चुकलं तरी चालेल."

सुबोध एका बुटावर खाली बसला. श्रुतिका दारात येऊन उभी राहिली होती.

"प्रांजू, बाबा बोटीवर चाललाय. लांब. खूप दिवस."

"मी पण."

"नाही गं राणी. तू नाही. तू आईजवळ, आज्जीजवळ."

प्रांजलने आधी त्याच्या बुटाकडे पाहिलं, मग लिफ्टकडे, मग प्रेमाआत्याच्या पायाकडे. सगळं तिच्या ध्यानात आलं. मग ती जी रडली! असं रडणं त्या कुटुंबात तीन पिढ्यांत कोणी रडलं नव्हतं. तिने बापाची कॉलर दोन्ही मुठींत धरली, त्याच्या छातीवर डोकं आपटलं, 'नको, नको' म्हणून त्याला मारलं, आणि ज्याला मारत होती त्यालाच घट्ट बिलगली. सुबोधला वाटायचं, ती रडली तर आपण कोलमडू. तो रडला, पण कोलमडला नाही. त्याने तिला धरून ठेवलं आणि रडू दिलं.

पॅसेजमधली दारं उघडली. "अगंबाई, पडली का? लागलं का कुठे?" प्रभू वहिनी बॅग ओढत बाहेर आल्या.

"लागलं नाही हो," सुगंधा म्हणाली. तिची मान ताठ झाली होती, दहावीचे मार्क सांगणाऱ्या बायकांची व्हायची तशी. "बाप चाललाय तिचा. तिला हवाय तो, म्हणून रडते. आवाज बघा केवढा आहे!"

प्रांजलच्या रडण्याचा भर जरा ओसरला. तिने हुंदके देत विचारलं, "येनार?"

"येणार. गणपतीत."

"खरं सांग," श्रुतिका मागून म्हणाली.

"गणपतीत, नाहीतर दिवाळीत," सुबोध म्हणाला. "पण येणार."

नंदूमामा कधी बाहेर आले होते, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टीव्ही आत एकटाच ओरडत होता. "माका ठावक होता," ते म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ते जातले ह्या माका ठावक होता. आयेन माझ्या हातात खाऊ दिल्यान, तेव्हाच माका कळला. पण मी हिका पिल्लां दाखवत रवलंय. मी पण बघूक नाय तेंका जाताना." एवढं बोलून ते भिंतीला टेकले. प्रेमाने लिफ्ट सोडली आणि मामांचा हात धरला.

मोबाइल वाजला. गाडी खाली उभी होती. सुबोधने लेकीला श्रुतिकाच्या खांद्यावर दिलं. प्रांजल मुसमुसत होती, पण तिने तोंड फिरवलं नाही. बाप दुसरा बूट कसा घालतो, नाडी कशी बांधतो, बॅग कशी उचलतो, ते ती नीट बघून घेत होती. त्याने हात हलवला. तिने हलवला नाही. रागावली होती, आणि तो तिचा हक्कच होता.

लिफ्ट पुन्हा वर आली. सुबोध घाईघाईने आईच्या पाया पडला आणि सवयीने, मान खाली घालून, तसाच वळला. सुगंधाने त्याचा दंड धरला.

"मला नाही सांगितलंस."

"काय?"

"चाललास ते."

मग त्याने बॅग खाली ठेवली. "आई, मी चाललो गं. पोचलो की फोन करतो." तो थांबला, पुढचं त्याला शोधावं लागलं. "आणि तिथे मला काही दुखलंखुपलं, तर पहिल्यांदा तुलाच सांगेन."

तिने मान डोलावली. तिला म्हणायचं होतं, जा, सांभाळून जा, पण तोंड उघडलं आणि भलताच आवाज बाहेर पडला. सुगंधा घाडी, वय सदुसष्ट, अकराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, चार शेजाऱ्यांच्या देखत, ओक्साबोक्शी रडायला लागली. प्रांजल आपलं रडणं विसरून आजीकडे बघायला लागली.

"गो सुगंधा," नंदूमामा घाबरून पुढे झाले, "तू रडतंस?"

"होय, रडतंय," ती म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, की पदर तोंडाशी नेला नाही. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझो झील चललो हा."